पक्ष्यावर आधी जाऊ नका: रफाएलची मरिया आणि ती दोन पोरं कशी बघायची

आमच्या घरी एका कॅलेंडरवर हे चित्र होतं, डिसेंबरच्या पानावर. हिरवळीत बसलेली एक बाई, लाल ड्रेस, निळं वस्त्र, पुढ्यात दोन गुबगुबीत नागडी-उघडी पोरं आणि एक इवलासा पक्षी. मला वाटायचं किती गोड आहे, पोरं खेळतायत. आज्जी एकदा चष्मा लावून बराच वेळ त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "ही अशी उदास का गं? पोरं तर खेळतायत." आज्जीला चित्रकार रफाएल माहीत नव्हता, रेनेसाँ (त्याच्या काळातलं युरोपातलं कलेचं नवं पर्व) माहीत नव्हतं, बायबल तर नाहीच. पण तिने जो प्रश्न विचारला ना, नेमका तिथूनच हे चित्र उलगडायला लागतं. हे मला नंतर खूप वर्षांनी कळलं.

तर हा लेख त्यासाठी. मराठीत या चित्रांबद्दल लिहिलेलं बऱ्याचदा एक तर "अप्रतिम, अलौकिक" असं नुसतं असतं, नाहीतर लिली म्हणजे पावित्र्य, सफरचंद म्हणजे पाप अशी लिस्ट असते. लिस्ट पाठ करून चित्र कळत नाही. मी एकच चित्र घेते आणि पायरीपायरीने कसं बघायचं ते सांगते, मग तीच पद्धत तुम्ही दुसऱ्या कुठल्याही आई-बाळाच्या चित्राला लावा.

चित्र आहे रफाएलचं 'माडोना देल कार्देल्लिनो', म्हणजे गोल्डफिंच पक्ष्यावाली मरिया. साधारण 1505-06 मध्ये रंगवलंय, लाकडी फळीवर, तैलरंगात. 107 बाय 77 सेंमी, म्हणजे साडेतीन फूट उंच आणि अडीच फूट रुंद. सध्या इटलीत फ्लॉरेन्सच्या उफिझी गॅलरीत आहे. ते रंगवलं तेव्हा रफाएल बावीस-तेवीस वर्षांचा होता. मोठ्या साइझचा फोटो नेटवर सहज मिळतो, तो उघडून ठेवा. मोबाईलवर नको, लॅपटॉपवर उघडा, झूम करावं लागणारे.

आधी पाच मिनिटं गप्प बसा

खरंच. घड्याळ लावून. चित्राखालची माहिती वाचायची नाही, गूगल करायचं नाही. एक कागद घ्या आणि जे दिसतंय तेच लिहा, अर्थ लिहायचा नाही. "पवित्र आई" असं लिहिलंत तर खोडा, कारण पवित्र दिसत नाही, दिसते ती बसलेली बाई. "बाईच्या डाव्या हातात पुस्तक, उजवा हात डावीकडच्या पोराच्या पाठीवर" हे चालेल. पहिल्या मिनिटातच वाटतं सगळं लिहून झालं, आता काय उरलं. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला मग पाय दिसतात, मागचा पूल दिसतो, डोक्यावरच्या सोन्याच्या बारीक रेघा दिसतात. मला स्वतःला ती येशूच्या पायाची गंमत (पुढे येईल) कितीतरी वेळा बघूनही दिसली नव्हती.

कोण कोण आहे ते ओळखा

हे आपल्याला खरं तर सोपं जायला हवं. विठोबा कसा ओळखता? कर कटेवरी. बासरी-मोरपीस दिसलं की कृष्ण, उंदीर दिसला की गणपती, चेहरा बघावाही लागत नाही. युरोपच्या धार्मिक चित्रांत अगदी हेच चालतं, तिथेही प्रत्येकाची खूण ठरलेली.

बाई म्हणजे मरिया, येशूची आई. लाल अंगरखा आणि वरून निळं वस्त्र हा तिचा जवळपास युनिफॉर्मच. डावीकडचं पोर म्हणजे योहान, बाप्तिस्मा करणारा योहान, लहानपणीचा. त्याच्या अंगावर केसाळ कातडं आहे, कारण बायबलमध्ये तो मोठेपणी रानात राहतो आणि उंटाच्या केसांची वस्त्रं घालतो. कमरेला लटकवलेली वाटी बघा, पुढे बाप्तिस्म्याचं, म्हणजे दीक्षा देतानाचं पाणी ओतायचंय ना त्याला. उजवीकडे आईच्या गुडघ्यांच्या मधे उभा आहे तो येशू.

आता एक गंमत. येशू आणि योहान लहानपणी एकत्र खेळले असं बायबलमध्ये कुठेच नाहीये. लूकच्या शुभवर्तमानात (बायबलमधल्या येशूच्या चरित्रांपैकी एक) त्यांच्या आया भेटतात, मरिया आणि अलिशिबा, पण तेव्हा दोघी गरोदर असतात. पोरांच्या भेटीच्या कथा नंतरच्या, भक्तांनी रचलेल्या. मग रफाएलने योहान का घातला? कारण योहान हा फ्लॉरेन्स शहराचा रक्षक संत, 24 जूनला आजही त्याचा मोठा उत्सव असतो तिथे. फ्लॉरेन्सच्या घरात टांगायच्या चित्रात योहान असणं म्हणजे गावचं दैवत घरात असणं. म्हणून कोण आहे ओळखलं की लगेच दुसरा प्रश्न, हा इथे कशाला आलाय? या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा पोथीत नाही, गावात सापडतं.

हात आणि नजरा, सगळा खेळ इथे आहे

ही पायरी माझ्या मते सर्वात महत्त्वाची आणि लोक हीच गाळतात आणि डायरेक्ट पक्ष्यावर जातात.

कागदावर तीन गोल काढा, तीन डोकी म्हणून, आणि कोण कुणाकडे बघतंय त्याचे बाण काढा. मरिया खाली बघतेय, योहानाकडे. येशूही योहानाकडेच बघतोय. योहान येशूकडे. आपल्याकडे कुणीच बघत नाही. म्हणजे हे आपल्यासाठी पोझ देऊन बसलेले नाहीत, त्यांच्यात आपापसात काहीतरी चाललंय आणि आपण बाजूला उभं राहून ते बघतोय.

आता हात. योहान हातात पक्षी धरून आणतोय, उत्साहात, "बघ मी काय पकडलं" असा चेहरा. येशू हात लांबवून पक्ष्याच्या डोक्यावरून फिरवतोय. पण त्याचा चेहरा बघा, झूम करा, मान जरा मागे कललेली आणि चेहरा त्याच्या वयाला शोभत नाही इतका गंभीर. पक्षी बघितल्यावर दोन वर्षांचं पोर असं करतं का? आमच्याकडे चिमणी आली तरी पोरं किंचाळतात. मरियेच्या एका हातात पुस्तक, वाचता वाचता थांबलीये. दुसरा हात योहानाच्या पाठीवर, पण तो हात त्याला जवळ घेतोय की थोडं आवरतोय? मी कितीदा बघितलं तरी मला दोन्ही वाटतं, आणि मला वाटतं ते तसंच ठेवलंय.

आणि आता पाय. येशूचा एक पाय आईच्या पावलावर आहे. लहान पोरं उभं राहायला शिकताना आईच्या पायावर पाय देतात तसा, आणि मागे आईचे गुडघे. सगळं शरीर आईला टेकलेलं आणि हात मात्र पुढे, त्या पक्ष्याकडे गेलेला. ही उभं राहायची पद्धत रफाएलने बहुतेक शिल्पकार मायकेलँजेलोकडून उचललीये, त्याच्या मरियेच्या संगमरवरी मूर्तीतही (ती आता बेल्जियममध्ये ब्रुजला आहे) बाळ असंच आईच्या गुडघ्यांमधून उतरायच्या बेतात उभं आहे. दोन्ही ठिकाणी आई अजून धरून आहे आणि पोर निघालंय.

त्रिकोण आणि त्याचं काय करायचं

मरियेचं डोकं वर, दोन पोरं खाली दोन बाजूंना, त्रिकोण झाला. हे प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं असतं म्हणून मी फार बोलत नाही. मोनालिसावाला लिओनार्दो तेव्हा फ्लॉरेन्समध्येच होता आणि अशी पिरॅमिडसारखी मांडणी त्याची खासियत, रफाएल तरुण होता, बघून शिकत होता. पण नुसतं "त्रिकोण आहे" म्हणून थांबू नका. त्रिकोणामुळे तुमची नजर कुठे घसरते ते बघा. वरून चेहऱ्यावरून तिच्या नजरेबरोबर खाली येते, योहानाच्या हातावर, तिथून येशूच्या हातावर, आणि दोन हातांच्या मधे अडकते. तिथे पक्षी आहे.

आता पक्षी

गोल्डफिंच हा युरोपातला चिमणीएवढा पक्षी, तोंडाभोवती लाल, पंखावर पिवळा पट्टा. त्याचं इटालियन नाव कार्देल्लिनो हे 'कार्दो'वरून आलंय, कार्दो म्हणजे थिसल, आपल्याकडच्या उंटकटाऱ्याच्या जातकुळीतलं काटेरी झुडूप. हा पक्षी त्या काटेरी बोंडांतल्या बिया खातो. येशूला क्रूसावर द्यायच्या आधी डोक्यावर काट्यांचा मुगुट घातला होता, त्यामुळे काटे खाणारा पक्षी आणि काट्यांचा मुगुट ही सांगड लोकांनी घातली. त्यावर एक लोककथा पण आहे, की येशूच्या कपाळातला काटा या पक्ष्याने चोचीने उपसला आणि रक्ताचा थेंब उडाला, तेव्हापासून तोंड लाल. (रामाने पाठीवरून बोटं फिरवली म्हणून खारीच्या अंगावर पट्टे, तसलीच गोष्ट.) हर्बर्ट फ्रीडमन नावाच्या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञाने तर 1946 साली फक्त याच विषयावर अख्खं पुस्तक काढलं आणि गोल्डफिंच असलेली 486 धार्मिक चित्रं मोजली. माणसाची चिकाटी बघा.

पण लगेच "पक्षी म्हणजे क्रूसावरचं मरण" असं लिहून मोकळे होऊ नका. त्या काळात पोरं खरंच हे पक्षी पाळायची, पायाला दोरा बांधून खेळवायची. म्हणजे हा पक्षी एकाच वेळी खेळणं पण आहे आणि ती खूण पण, दोन्हीतलं एक काढून टाकलं की चित्र मेलं. योहानासाठी ते खेळणं आहे. येशूचा चेहरा सांगतो की त्याच्यासाठी नाही. आणि आई? ती पक्ष्याकडे बघतसुद्धा नाहीये, ती आणणाऱ्याकडे बघतेय.

म्हणून मी म्हटलं हात-नजरा आधी. पक्ष्यापासून सुरुवात केली असती तर डिक्शनरीतला अर्थ मिळाला असता. आता कळतं की चित्रातला प्रत्येक जण त्या पक्ष्याला वेगळं समजतोय, आणि आज्जीच्या प्रश्नाचं उत्तर त्या फरकात आहे.

ती उदास का, आणि यशोदेची चूक

आपल्याकडचं कुणीही हे चित्र बघितलं की म्हणतं अगं ही यशोदाच. मलाही तसंच वाटायचं, वाटलं तर बिघडत काही नाही, आई आणि देव असलेलं बाळ, साम्य आहेच. पण फरक बघितलात तर चित्र जास्त कळतं.

कृष्ण माती खातो, यशोदा तोंड उघडायला लावते, आत अख्खं ब्रह्मांड दिसतं. मग पुढे काय होतं? ती विसरते. भागवतात स्पष्ट आहे, माया पडते आणि ती पुन्हा त्याला मांडीवर घेते. विसरली म्हणून तर ती त्याला उखळाला बांधू शकते. मरियेचं उलट आहे. लूकच्या शुभवर्तमानात बाळाला देवळात नेतात तेव्हा शिमोन नावाचा म्हातारा तिला सांगतो की तुझ्या स्वतःच्या जिवातून तलवार भोसकून जाईल. आणि त्याच लूकमध्ये पुन्हा पुन्हा येतं की मरियेने या सगळ्या गोष्टी मनात ठेवल्या. तिला विसर पडत नाही. चाळीस दिवसांचं पोर असताना कळलंय आणि रोज त्याला आंघोळ घालायची, जेवू घालायचं.

हे डोक्यात ठेवून परत तिचा चेहरा बघा. रडत नाहीये, घाबरलेली नाहीये. फक्त हसत नाहीये, किंवा हसू येता येता राहिलंय असं काहीतरी. हातातलं पुस्तक पण आता वेगळं दिसायला लागतं, ती धर्मग्रंथ वाचत होती, म्हणजे पुढचं वाचत होती, आणि तेवढ्यात शेजारचं पोर धावत पक्षी घेऊन आलं.

रंग आणि मागचा देखावा, थोडक्यात

निळा रंग स्वर्गाचा, लाल प्रेमाचा-रक्ताचा, हे सांगतात ते बरोबर आहे पण अर्धवट. त्या काळी उत्तम निळा रंग लाजवर्द नावाच्या दगडापासून व्हायचा आणि तो दगड यायचा अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून. इतका महाग की करारात लिहायचे. 1485 साली गिर्लांदायो नावाच्या चित्रकाराच्या फ्लॉरेन्समधल्या करारात निळा रंग औंसाला चार फ्लोरिन (तिथली सोन्याची नाणी) किमतीचाच हवा असं लिहिलंय. म्हणजे निळं वस्त्र ही भक्ती पण आहे आणि देवीला पैठणी नेसवण्यासारखं ऐपत दाखवणं पण आहे.

मागे पाणी, पूल, बारीक खोडांची झाडं, लांबचे डोंगर निळसर होत गेलेले. दोनशे वर्षं आधीची जोत्तो या चित्रकाराची मरिया याच उफिझीत आहे, ती बघा, मागे सपाट सोनं आणि ती भल्यामोठ्या सिंहासनावर. इथे सिंहासन गेलं, ती दगडावर बसलीये, मागे रोजच्यासारखं गावाबाहेरचं माळरान. देवत्व दाखवायला उरलीये फक्त डोक्यावरची ती केसाएवढी सोन्याची रेघ. पोरं उघडी का याचंही उत्तर यातच आहे, देव खरंच माणसाच्या शरीरात आला, हाडामांसाचा, हे त्यांना दाखवायचं होतं.

कुणासाठी काढलं, कुठे टांगलं

हे चर्चसाठी नव्हतं. लोरेन्झो नासी नावाचा फ्लॉरेन्सचा व्यापारी, रफाएलचा मित्र, त्याच्या लग्नानिमित्त हे काढलं. म्हणजे नवीन जोडप्याच्या घरात. पोरं व्हावीत ही इच्छा त्यात आहे, आणि ज्या काळात बाळंतपणात बायका जायच्या, पोरं वर्षाची व्हायच्या आत जायची, त्या काळात आईच्या चेहऱ्यावरची काळजी बघणाऱ्या नवरीला बायबलमधून समजून घ्यावी लागत नसणार. हा माझा अंदाज आहे, पण चित्र कुठल्या खोलीत होतं हे कळल्याशिवाय असा अंदाजही करता येत नाही, म्हणून ही पायरी सोडू नका.

पुढे 1547 मध्ये डोंगर खचून नासींचं घर कोसळलं आणि चित्राचे 17 तुकडे झाले. ढिगाऱ्यातून तुकडे गोळा करून जोडले, वर रंग भरले, मग शतकानुशतकं वार्निशचे थर चढले आणि सगळं पिवळट-तपकिरी झालं. फ्लॉरेन्समधल्याच एका सरकारी संस्थेने, ओपिफिचो देल्ले पिएत्रे दुरे तिचं नाव, जवळपास दहा वर्षं काम करून 2008 मध्ये ते साफ केलं. याचा प्रॅक्टिकल अर्थ असा की जुन्या पुस्तकातला किंवा कॅलेंडरवरचा फोटो बघून रंगांबद्दल काहीही ठरवू नका. आमच्या कॅलेंडरवर ती संध्याकाळी बसल्यासारखी दिसायची, मी तर "कातरवेळेची उदासी" वगैरे मनात बांधून टाकलं होतं. साफ केलेल्या फोटोत स्वच्छ उजेड आहे. माझी कातरवेळ म्हणजे वार्निश होतं!

भावंडं शेजारी ठेवा

रफाएलने त्याच सुमारास असंच आणखी एक चित्र काढलं, व्हिएन्नाच्या म्युझियममध्ये आहे, हिरवळीतली मरिया. तीच तिघं, तसाच त्रिकोण, तसाच देखावा. दोन टॅबमध्ये दोन्ही उघडा आणि फरक शोधा, पेपरात यायचे तसे. तिथे पक्षी नाही, योहान गुडघ्यावर बसून येशूला वेताचा बारीक क्रूस देतोय आणि येशू तो धरतोय. म्हणजे जे इथे आडून सांगितलंय ते तिथे सरळ हातात दिलंय. मला पक्ष्यावालं जास्त आवडतं, कारण क्रूस बघितला की कोडं संपतं. पण पक्ष्याचा अर्थ आपण ओढूनताणून लावत नाही ना, याचा दाखला हे भावंडच देतं, त्याच चित्रकाराने त्याच जागी क्रूस ठेवलाय.

आपला अर्थ तपासायचा कसा

कुठलाही अर्थ लावला की मी स्वतःला तीन गोष्टी विचारते. पहिली, हे चित्रात बोट ठेवून दाखवता येतं का? दुसरी, तेव्हाच्या बघणाऱ्याला हे माहीत असणं शक्य होतं का? कमळ आणि चक्रं आणि कुंडलिनी असं काहीही लोक लिहितात, नासींच्या घरात कुणाला ते ठाऊक असणार? आणि तिसरी, ती वस्तू काढून टाकली तर चित्र बदलतं का? पक्षी काढा, सगळे हात हवेत लोंबकळतील. मागचा पूल काढा, काही बिघडत नाही, म्हणून पुलावर निबंध लिहू नका. तिन्ही पास झालं तर ठामपणे म्हणा, दोन पास झालं तर "असं वाटतं" म्हणा. एकच पास झालं तर स्वतःजवळ ठेवा, ते पण वाईट नसतं.

एक शंका नेहमी येते, आपण ख्रिश्चन नाही तर कळेल का. वसई किंवा वांद्र्याच्या मोतमावलीला जाणाऱ्याला काही गोष्टी आपोआप माहीत असतात हे खरं, बाकीच्यांनी लूकचे पहिले दोन अध्याय मराठीतून वाचून घ्यायचे, अर्ध्या तासाचं काम आहे. मला स्वतःला त्याने जितका फायदा झाला तितका जाडजूड कलेतिहासाने झाला नाही.

सरावाला एक देते. कार्लो क्रिवेल्ली नावाच्या चित्रकाराची आई-बाळ, साधारण 1480 ची, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, त्यांच्या साइटवर फुकट आणि भरपूर झूम होते. वहीपेक्षा थोडीच मोठी, 38 बाय 25 सेंमीच्या आसपास. त्यातही गोल्डफिंच आहे, पण यावेळी तो बाळाने स्वतःच छातीशी घट्ट धरलाय. वर सफरचंदं टांगलीयेत आणि त्यांच्याबरोबर चक्क एक काकडी. आधी पाच मिनिटं, मग नजरा, मग हात, काकडी सगळ्यात शेवटी. आणि खालच्या कठड्यावर एक माशी बसलीये, स्क्रीनवरची समजून पुसायला जाऊ नका, मी गेले होते.